पंक्चरचे अडीचशे

बापू सध्या कोणाकडे गाडीवर आहे, हे त्याच्या पायांकडे बघून कळतं. झिजलेली स्लीपर असली तर मालकाकडे, पुढे पोलाद घातलेले सेफ्टी शूज असले तर कंपनीत. शिरोली एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी बिल्ट्या लिहितो. ड्रायव्हर लोक मला दिवाणजी म्हणतात. गेल्या अठरा वर्षांत बापूच्या पायातला हा बदल मी पाच वेळा पाहिलाय. दर खेपेला तो दारातूनच ओरडतो, "दिवाणजी, सुटलो बघा एकदाचा!" कुठून सुटला हे बघायला मी टेबलाखाली वाकतो.

मालक म्हणजे आण्णा. त्यांच्या दहाचाकी गाड्या दोन. एक रस्त्यावर असते आणि दुसरी गॅरेजात उभी राहून पहिलीला सुटे भाग पुरवते. आण्णांचा कुठल्या कारखान्याशी करार नाही. आमच्यासारख्या ऑफिसात फोन करायचा, "दिवाणजी, काय हाय का?" म्हणायचं आणि जे असेल ते भरायचं. कधी मार्केट यार्डातून गुजरातला गूळ, कधी फौंड्रीतून चाकणला कास्टिंग. परतीचं भाडं मिळेलच असं नाही. मिळालं तर आमचं कमिशन जाऊन जे उरेल ते, आणि त्यातलीही बाकी रक्कम सही-शिक्क्याची पोच हातात पडल्यावर. या सगळ्या अनिश्चित गोष्टींच्या खाली बापूचा पगार असतो.

पण बापू आण्णांकडे पगारासाठी राहत नाही. तो राहतो हिशोबासाठी.

अहमदाबादला गूळ उतरवून, दोन दिवस परतीच्या मालाची वाट बघून बापू आठव्या दिवशी गावात येतो. अंगावर रस्त्याची धूळ तशीच असते. आधी हिशोब. सोप्यावर आण्णा तक्क्याला टेकून बसतात, चष्मा कपाळावर. बापू खिशातून रबर लावलेली वही काढतो, बोटाला थुंकी लावून पान उलटतो आणि क्षणभर डोळे मिटतो. भजनीबुवा सूर लावायच्या आधी मिटतात तसे.

"खर्ची किती दिलती?"

"बारा हजार."

"हमाली?"

"दिली. त्येची चिठ्ठी हाय."

"पंक्चर?"

"तीन."

आण्णांचा चष्मा कपाळावरून नाकावर येतो. "तीन?"

"एक मनोरला, एक चारोटीला, एक वापीच्या अलीकडं."

"खिळं पेरलंत व्हय रं तिथं?"

"रस्त्याचं काम चालू हाय, आण्णा. तुम्ही कधी येऊन बघा की."

"मी आलो तर पंक्चर हुईल काय?"

इथे आतून चहा येतो. चहा पंक्चरला यायचा आणि जेवण 'एंट्री'ला, हा त्या घरचा रिवाज. एंट्री म्हणजे वाटेत ज्याची पावती कोणी देत नाही तो खर्च. एका पंक्चरचे अडीचशे. तिनाची दोन होतात, दोनाची दीड. अर्धं पंक्चर कसलं, असं कोणी विचारत नाही. ताडपत्री शिवल्याचे शंभर आण्णा आधी खोडतात आणि पान उलटताना पुन्हा लिहितात. तासाभरानं बापू सहाशे रुपये गमावून उठतो. त्यातले चारशे त्यानं गमावण्यासाठीच वहीत लिहिलेले असतात, आणि हे आण्णांना ठाऊक असतं.

कोणी बापूला चोर म्हटलं तर मात्र मी भांडेन. इतक्या वर्षांत गुळाची एक ढेप कमी भरली नाही की टाकीतलं लिटरभर डिझेल कुठल्या ढाब्यामागे उतरलं नाही. त्याच्या मते डिझेल विकणं ही चोरी आणि पंक्चर सांगणं हे बोलणं.

या कलेवर सरकारचा डोळा होताच. 1 जुलै 2017ला जीएसटी आला. मुंबईची जकात गेली, राज्याच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके उठले. "नाक्यावर रात्र गेली" हे बापूचं हुकमी वाक्य त्या दिवशी मेलं. पुढच्या वर्षी ई-वे बिल आलं. आता त्यात दोनशे किलोमीटरला एक दिवस असा हिशोब छापूनच येतो, त्यामुळे उशिराची कारणंही मापात द्यावी लागतात. फेब्रुवारी 2021मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोल बापूच्या खिशातून न जाता थेट आण्णांच्या खात्यातून जाऊ लागला. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, प्रत्येक नाक्यावर गाडी पुढे सरकली की इकडे सोप्यावर आण्णांचा फोन टुणकन वाजतो. "आनेवाडी झाली," म्हणत आण्णा कूस बदलतात. बापूच्या हातात उरलं काय, तर पंक्चर, ताडपत्री आणि एंट्री. तीन सुरांवर त्याला सगळा राग उभा करावा लागतो.

तरी तो कंपनीत जातो, त्याला कारण लागतं. गेल्या वेळचं कारण तलासरीत घडलं. गिअरबॉक्स बसला. आण्णा फोनवर म्हणाले, "तिथंच थांब, सामान धाडतो." सामान म्हणजे गॅरेजातल्या दुसऱ्या गाडीचं काळीज. ते खोलायला दीड दिवस गेला, आणि ते एसटीच्या पार्सलनं आणि पुढे ओळखीच्या ट्रकवाल्यांच्या हातातून तलासरीला पोचेपर्यंत तीन दिवस झाले. बापू गाडीखाली झोपला, रॉकेलच्या स्टोव्हवर भात शिजवला, आणि परत आल्यावर आण्णांनी सांगितलं, "दोन म्हैन्यांचा पगार बाकी हाय खरा. बाकी भाडं येऊ दे, मग बघू." त्या दिवशी हिशोबाला चहा आला, पण बापूनं तो घेतला नाही. आठवड्यात त्याच्या पायात सेफ्टी शूज चढले.

कंपनीच्या गाड्या तीन-चारशे. यार्ड चाकणला. पहिल्या दिवशी दोन तासांचं सेफ्टी लेक्चर झालं. भिंतीवर 1961च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याचा फलक होता: दिवसाला आठ तास, आठवड्याला 48. बापूनं तो दोनदा वाचला. आण्णांकडे आठ तास हे दुपारच्या जेवणाआधी संपतात. मग नळीत फुंकायला लावलं, जॅकेट दिलं, केबिनला एसी. रात्री बारा ते पाच गाडी बंद. करार मोठ्या कारखान्यांशी, त्यामुळे परतीचा माल आधीच ठरलेला. पगार सात तारखेला बँकेत, बारा टक्के पीएफ कापून. माल कोणाचा आणि भाडं किती, ते बापूला कळत नाही आणि विचारायचं कारणही पडत नाही.

"दिवाणजी, राजासारखा हाय," पहिल्या महिन्यात तो म्हणाला. दुसऱ्या महिन्यात म्हणाला, "कॅबिनमधी कॅमेरा हाय. माझ्याच तोंडावर."

कॅमेरा जांभई ओळखतो. बापूनं खंबाटकी चढताना जांभई दिली की गाडी बायकी आवाजात हिंदीत सांगते, सावधान रहें. बापू पंचवीस वर्षं घाटात जांभया देत आलाय, त्याशिवाय त्याचे कान मोकळे होत नाहीत. दिवसात तीन वेळा सावधान झाल्यावर कंट्रोल रूममधून फोन येतो. फोनवरची पोरगी त्याच्या लेकीच्या वयाची, पण ती त्याला "सर" म्हणते.

"सर, गाडी चौदा मिनिटं थांबलीय. काही प्रॉब्लेम?"

"न्हाई बाई. जरा... बाजूला गेलतो."

"ओके सर. रीझन काय टाकू? जेवण, टायर, ट्रॅफिक, का इतर?"

"इतर टाका."

"माझं समदं आयुष्य इतरमधी चाललंय, दिवाणजी," बापू मला सांगत होता.

मग ते पंक्चर झालं. खरंखुरं, आनेवाडीच्या पुढे. बापूनं हेल्पलाइनला फोन लावला. चाळीस मिनिटांत एक व्हॅन आली, एका पोरानं टायरवरचा नंबर मोबाइलवर टिपला, ओटीपी मागितला, टायर बदलला आणि निघून गेला. बापू फोनवर सांगायला लागला, "मॅडम, खिळा बघा एवढा हुता, करंगळीएवढा, रस्त्याचं काम चाललंय तितं..."

"ओके सर. तिकीट क्लोज करते."

बापूच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीतलं हे बहुधा सगळ्यात पुराव्यानिशी झालेलं पंक्चर. आणि त्यावर कोणी एक प्रश्न विचारला नाही. "किती दिले?" नाही, "कुठं झालं?" नाही. नुसता विश्वास! बापूला तो फार लागला. त्यानं खिळा खिशात टाकला.

पुढच्या सुट्टीला तो बूट घालून आमच्या ऑफिसात आला आणि खिळा माझ्या बिल्टीबुकावर ठेवला. चांगला तीन इंची, पार वाकलेला. "बघा," म्हणाला. मी बघितला. एवढ्यानं त्याचं भागलं नाही. संध्याकाळी तो आण्णांच्या सोप्यावर गेला, बूट पायरीखाली काढले आणि खिळा तक्क्याशेजारी ठेवला. आण्णांनी तो बोटांत फिरवला, उजेडात धरला, दातानं चावून बघतात की काय असं वाटलं.

"आमच्या गाडीला असला खिळा कवा लागला न्हाई," आण्णा म्हणाले. "आमच्या गाडीचं पंक्चर तू तोंडानंच करत हुतास."

"मग? तुमच्या गाडीला खिळा परवडतोय व्हय?"

आतून चहा आला.

बापूची बायको मात्र कंपनीच्या बाजूची. तिच्याकडे कंपनीच्या सगळ्या पगारस्लिपा प्लॅस्टिकच्या पिशवीत तारीखवार लावलेल्या आहेत. दवाखान्याचं कार्ड वेगळ्या कप्प्यात. परवा ती ऑफिसात आली होती, कुठलासा पीएफचा फॉर्म भरून घ्यायला. "ह्यास्नी बोलायला माणूस लागतंय, दिवाणजी," ती म्हणाली. "मला लाइटचं बिल भरायला सात तारीख लागत्या." फॉर्म भरताना मी काही बोललो नाही. तिचा हिशोब बरोबर होता, आणि त्यात एकही पंक्चर नव्हतं.

तो फॉर्म नोकरी सोडल्यानंतरचा होता. बापू पुन्हा स्लीपरवर आला होता.

गेल्या महिन्यात गुळाच्या खेपेची बाकी द्यायला मी आण्णांकडे गेलो, तर सोप्यावर हिशोब चाललेला. या वेळी शेजारी आण्णांचा धाकटा होता. पुण्याला इंजिनिअरिंग शिकून आलाय. त्यानं दोन्ही गाड्यांना जीपीएस बसवलंय. गॅरेजातली गाडी कुठेही जात नाही हेही आता त्याला मोबाइलवर दिसतं.

"पंक्चर दोन," बापूनं डोळे उघडून सांगितलं. "एक मनोरला."

धाकट्यानं स्क्रीनवर बोट फिरवलं. "बापूकाका, मनोरला गाडी थांबलीच नाही. हे बघा ना. चारोटीपासून सरळ लाइन आहे, कुठं ब्रेक नाही."

सोप्यावर शांतता झाली. बापू आपल्या स्लीपरींकडे बघू लागला. त्याची बोटं वहीच्या रबराशी चाळा करत होती. आता पुन्हा बूट चढणार, असं मला वाटलं.

आण्णांनी चष्मा नाकावर घेतला. "ते बंद कर आधी," ते लेकाला म्हणाले. "रेंज गेली असंल."

"आण्णा, हे सॅटेलाइटवर चालतं..."

"सॅटेलाइटला काय पंक्चर कळतंय व्हय? ठेव ते खाली." मग ते बापूकडे वळले. "हां, बोल. पुढचा का मागचा?"

बापू मांडी नीट घालून ताठ बसला.

"मागचा, आण्णा. आतला. त्येला पन्नास जास्त पडत्यात."

"आतला?" आण्णा तक्क्यावरून पुढे सरकले, आणि आत कुणीतरी चहाचं आधण ठेवलं.