होडी ठेवायची कुठे?

छोट्या शिडाच्या होडीचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. तिच्या मालकापुढे मात्र जिना, फाटक आणि मोटारीचा टप येतो. बिचारीचं बहुतेक आयुष्य जमिनीवरच जातं. कोकणात पावसाळ्याआधी होडी ओढून वर घेतात, झापांनी शाकारतात, की काम झालं. पण ज्याच्या दारात स्कूटर लावायचीही मारामार, त्याने काय शाकारावं आणि कुठे?

हे दुखणं ब्रिटनमध्ये 1963 साली दोघांनी नीट ओळखलं. टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे कसलेले रचनाकार जॅक होल्ट. 'डेली मिरर' या वर्तमानपत्राच्या नावाने त्यांनी 'मिरर' होडी काढली. लांबी 3.3 मीटर, नाक चपटं. प्लायवूड तांब्याच्या तारेने टाचायचं आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची. पण खरी हुशारी डोलकाठीत आहे. उंच काठी टपावरून हातभर बाहेर येते आणि मागच्या गाडीशी भांडण उकरते. म्हणून डोलकाठी आखूड ठेवली आणि शीड बांधलेली दुसरी काठी दोरीने तिच्यावर चढवली. दोऱ्या सोडल्या की दोन्ही काठ्या होडीतच मावतात. अशा 70 हजारांहून जास्त होड्या झाल्या. त्यांतल्याच एकीतून ए. जे. मॅकिनन नावाचे शिक्षक ब्रिटनहून निघून नद्या-कालवे पार करत थेट काळ्या समुद्राला जाऊन भिडले. टपावर मावते म्हणून होडीला कमी लेखू नये.

एवढ्यानेही ज्यांचं भागत नाही, ते करवत काढतात. होडी बांधतानाच मधोमध दोन आडव्या भिंती बसवायच्या, त्यांच्यात करवतीपुरती फट ठेवायची आणि अखंड होडी तयार झाली की त्या फटीतून सरळ कापायची. बांधणाऱ्याच्या घरच्यांनी त्या दिवशी बाहेरगावी जावं, हे उत्तम. भिंतींमुळे दोन्ही तुकडे आपापले तरंगतात. पाण्यात जायच्या वेळी बोल्टांनी जोडायचे, घरी आल्यावर डब्यात डबा घालावा तसा पुढचा भाग मागच्यात बसवायचा. दोन भिंतींनी एकूण वजन वाढतं खरं, पण ते दोन खेपांत उचलता येतं, आणि जिना चढणाऱ्याला हा हिशेब लगेच पटतो.

अडचण एकच. पुढचा भाग आत बसायचा तर मधली बसायची फळी काढावी लागते. ती फळी मग खिडकीपाशी लागते आणि नेमकी निघायच्या सकाळी तिच्यावर कुंड्या असतात.