पराक्रम दुसऱ्याचा, कपाट आमचं

शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचं एक उत्तेजनार्थ बक्षीस सोडलं, तर माझ्या नावावर कसलाही पराक्रम जमा नाही. तरीही बर्लिनमधल्या आमच्या घरात काचेच्या कपाटात कैसरच्या काळातली शौर्यपदकं ओळीने टांगलेली आहेत. कपाट मुळात क्रोकरीसाठी घेतलं होतं. क्रोकरी सध्या खोक्यात आहे आणि तो विषय आमच्याकडे निघत नाही.

सासूबाई उन्हाळ्यात राहायला आल्या, तेव्हा त्या कपाटासमोर बराच वेळ उभ्या होत्या.

"जावईबापू, ही तुम्हाला ऑफिसात मिळाली?"

"नाही, विकत घेतली."

"दुसऱ्याची बक्षिसं? विकत?"

मला जोर चढला. म्हटलं, आई, हा लोखंडी क्रॉस. प्रशियाच्या तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्म राजाने १८१३ साली, नेपोलियनशी झुंजताना सुरू केला. खजिन्यात खडखडाट, बायका अंगावरचं सोनं देऊन लोखंडाचे दागिने घालत होत्या, म्हणून पदकही लोखंडाचं. त्याला रूप दिलं शिंकेलने, ज्याच्या इमारती बघायला लोक आजही बर्लिनला येतात. स्थापनेची तारीख धरली १० मार्च, कारण तो दिवंगत राणी लुईझेचा वाढदिवस.

"बायकोचा वाढदिवस लक्षात होता म्हणजे," एवढंच म्हणून सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर या छंदात शूरवीराची चौकशी कोणी करत नाही. कोणत्या खंदकात, कोणत्या गोळीबारात, कोणाला पाठीवर घेऊन तो पळाला, हे विचारायला कोणाला वेळ आहे? चौकशी होते ती पदकाची. त्यातही त्याच्या दर्शनी बाजूकडे नवशिके बघतात. जाणकार कड बघतो. १९१४चा क्रॉस तीन तुकड्यांचा असतो: मधे काळा रंग दिलेला लोखंडी गाभा, आणि पुढून-मागून त्याला धरणाऱ्या चांदीच्या दोन चौकटी. कडेवर त्या चौकटींचा जोड केसाएवढा दिसायला हवा. अख्खा क्रॉस एकसंध ओतलेला असेल तर समजावं की याने युद्ध सोडाच, पावसाळासुद्धा पाहिलेला नाही. शिवाय लोहचुंबक लावायचं. अर्थात हल्ली खोटं बनवणाऱ्यांनाही लोखंड स्वस्तच पडतं, त्यामुळे चुंबक कोणालाही चिकटतं.

सासूबाईंनी पहिल्या दर्जाचा एक क्रॉस उचलला, पालथा केला, चष्मा कपाळावर सरकवून पिनेजवळचा शिक्का वाचला. "८०० म्हणजे काय?"

"चांदी. हजारात आठशे भाग."

"म्हणजे वीस टक्के घट!" त्यांनी तो खाली ठेवला. "आमच्या सराफाने असलं वळं दिलं असतं ना, तर पेढीवर जाऊन बसले असते."

ओळख पटवण्यातली खरी गंमत मात्र क्रॉसमध्ये नाही, राज्यांमध्ये आहे. १९१४ साली जर्मन साम्राज्यात पंचवीस राज्यं होती आणि बहुतेकांना स्वतःचं पदक हवंच होतं. हांबुर्ग, ब्रेमेन, ल्युबेक या तीन व्यापारी शहरांनी १९१५ मध्ये तीन लाल क्रॉस काढले, लांबून अगदी सारखे. जवळून बघावं तर एकावर किल्ला, एकावर किल्ली आणि एकावर दोन डोक्यांचा गरुड.

आणि रॉइस! आकाराने मुठीएवढं, तरी त्याचीही दोन राज्यं: थोरल्या पातीचं ग्राइत्सला, धाकट्या पातीचं गेराला. घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइन्‍रिश. सगळ्यांचं. पुढे नुसता आकडा. थोरली पाती शंभरापर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू करायची, धाकटी पाती शतक बदललं की. बारशाला आत्याने फक्त हजेरीपट बघायचा. अशा घराण्याचा मानाचा क्रॉस हाती आला की 'दिला कोणी?' याला 'हाइन्‍रिशने' हे उत्तर बरोबरही असतं आणि निरुपयोगीही.

माझ्या विशेष मायेतलं पदक मात्र सर्वांत स्वस्त आहे. १९३४ साली, पहिलं महायुद्ध संपून सोळा वर्षं झाल्यावर, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने आघाडीवर लढलेल्यांसाठी तलवारींचा क्रॉस काढला, इतर सैनिकांसाठी बिनतलवारीचा आणि विधवा नि आईवडिलांसाठी काळा. मिळवायला अर्ज करावा लागे, पुराव्यांसकट! ऐंशी लाखांवर क्रॉस वाटले गेले. शौर्याला कचेरीच्या खिडकीशी रांग लावणारा देश मला एकदम घरचा वाटला.

त्याच्या पुढच्या काळातली जर्मन पदकं मी घेत नाही. टिअरगार्टनजवळच्या शनिवार-रविवारच्या जुन्या बाजारात असल्या मालावर किमतीचं गोल लेबल नेमकं स्वस्तिकावर चिकटवलेलं असतं, कारण ते उघडं मांडायला कायद्याची बंदी आहे. माझ्याकडून ते लेबल खुशाल कायम राहो.

याच बाजारात एका रविवारी सासूबाईंना घेऊन गेलो. इथल्या प्रत्येक विक्रेत्याचा माल आजोबांच्या ट्रंकेतून निघालेला असतो. आम्हाला पाहून एकाने खास कापडाखालून डबी काढली: आझाद हिंदचं पदक. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. नेताजींनी १९४२ साली जर्मनीत ही पदकं सुरू केली, 'शेर-ए-हिंद', 'वीर-ए-हिंद' अशी नावं दिली आणि ती घडवली व्हिएन्नात. पंचाईत अशी, की युद्धानंतरही ती संग्राहकांसाठी घडवली जात राहिली, त्यामुळे अस्सल आणि नंतरचं यांत भल्याभल्यांची मती गुंग होते.

मी भिंग काढलं. कड, कडी, मुलामा, अक्षरांची खोली, एकेक बघू लागलो. तोवर सासूबाईंनी विक्रेत्याशी मराठीतून बोलणी सुरू केली होती. तो बोटांनी चारशे युरो दाखवत होता, त्या एक बोट. तो छातीवर हात ठेवून आजोबांबद्दल काही सांगू लागला. त्यांनी मान हलवली, एक बोट तसंच. तीनशे. दोनशे. दीडशे.

सासूबाईंनी माझ्या हातातलं पदक काढून घेतलं आणि डबीत परत ठेवलं.

"खोटं आहे. आजोबांच्या वस्तूचा भाव कोणी इतक्या पटापट पाडतं का? चला, कॉफी पाजा."