चढाई फसली, आता खापर फोडा

गंगापूर तालुक्यात कबड्डीची स्पर्धा भरवायला फार काही लागत नाही. शाळेच्या मैदानावर मुरूम टाकून पाणी मारायचं, फक्कीनं रेषा आखायच्या, चार खांबांवर दिवे, एक भोंगा आणि कुणाच्या तरी स्मरणार्थ पहिलं बक्षीस. संघ येतात, खेळतात आणि एक सोडून बाकीचे सगळे हरतात. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. आपल्या चढाया का फसल्या, पोरामुळे की कोचमुळे, याचा निकाल परतीच्या टेम्पोतच लागला पाहिजे. घरी जाऊन झोपलं की डोकं शांत होतं, आणि शांत डोक्यानं फोडलेलं खापर नीट फुटत नाही.

एवढं जबाबदारीचं काम, पण त्याचं शिक्षण कुठेच मिळत नाही. बुवा साळवींनी कबड्डीसाठी आयुष्य वेचलं, त्यांच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, राज्यात कबड्डी दिन साजरा होतो, पंचांच्या परीक्षा होतात. प्रेक्षकाची परीक्षा मात्र अजून कुणी घेतलेली नाही. सदर मार्गदर्शिका ही उणीव भरून काढण्यासाठी आहे. लासूर स्टेशनपासून कायगाव टोक्यापर्यंत कुठल्याही मैदानावर ती लागू पडावी.

आधी नियम, पण बेतानं

नियम अजिबात ठाऊक नसलेला माणूस नुसता ओरडतो, त्याला टेम्पोत कुणी विचारत नाही. सगळे नियम ठाऊक असलेला गप्प बसतो, त्याचाही काही उपयोग नाही. तुम्ही एवढंच पाठ करा: मैदानात सात गडी, चढाईला तीस सेकंद, समोर सहा किंवा सात जण असले तर बोनस रेषेपलीकडे पाय टाकून एक गुण. आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद.

ही तिसरी चढाई जपून ठेवा, आपला सगळा धंदा तिच्यावर चालतो. पहिल्या दोन चढाया कुणी रिकाम्या घालवल्या हे कुणाच्या लक्षात राहत नाही. तिसरीला जो गेला त्याचं नाव, गाव आणि मामाचं गावसुद्धा मैदानभर पाठ होतं.

पोरावर फोडायचं असेल तर

समजा, शेवटची सहा मिनिटं उरलीत, आपण पाच गुणांनी मागे आहोत आणि तिसरी चढाई आली. पोरगं उठतं. ते वाळूजला कंपनीत काँट्रॅक्टवर आहे; रात्रपाळी करून सकाळी परतलं, दोन तास पडलं, दुपारी टेम्पोत बसलं. हे तुम्हाला ठाऊक असतं, पण या घटकेला विसरायचं असतं. ते मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावतं, दम घेऊन आत शिरतं. समोर सहा जण हातात हात घालून मागे सरकतात. डाव्या कोपऱ्यातला गडी गुडघ्यात वाकलाय, तो पोराच्या तोंडाकडे बघतच नाही, फक्त घोट्याकडे बघतो. पोरगं निदान रेषा ओलांडतं, उजवा पाय बोनसकडे सोडतं. बाकावरून कोच ओरडतात, "मागं ये, मागं ये!" भोंग्यावरून समालोचक ओरडतो, "बोनस, बोनस!" दोरीपलीकडून सख्खे चुलते ओरडतात, "हात मार की रं!" पोरगं निमिषभर तिघांचंही ऐकतं. कोपऱ्यातल्या गड्याला तेवढं निमिष पुरतं. घोट्याला मिठी पडते, वरून बाकीचे कोसळतात आणि ढिगाऱ्याखालून एक हात मध्यरेषेच्या दिशेनं जेमतेम वीतभर सरकतो.

आता तुमचं वाक्य: "बोनसला गेलंच कशाला?" समजा त्यानं बोनस मिळवला असता, तर वाक्य: "एका गुणानं काय होतंय, दोन गडी मारायचे सोडून!" आणि समजा खरंच हात मारायला गेलं असतं आणि सापडलं असतं, तर: "हातात आलेला बोनस सोडला बघा." तिन्ही वाक्यं घरून तयार करून न्यावीत. मैदानावर ऐनवेळी सुचत नाहीत, आणि सुचली तरी एकाच चढाईला दोन वापरली जाण्याचा धोका असतो.

पुरवणी म्हणून "टीव्हीवर प्रो कबड्डी बघून बघून उड्या मारायला शिकलंय" हे चालतं. "डोक्यात हवा गेली" हेही चालतं, मात्र आदल्या महिन्यात त्याच पोराच्या सत्काराला तुम्ही व्यासपीठावर नव्हता याची खात्री करून घ्या. "पायच उचलत नव्हता" असं मात्र चुकूनही म्हणू नका. मागच्या बाकावरून कुणीतरी रात्रपाळीचं काढतं, आणि सगळा टेम्पो हळहळायला लागतो. हळहळणाऱ्या माणसांसमोर खापर फुटत नाही.

कोचवर फोडायचं असेल तर

गावाकडचा कोच म्हणजे बहुधा शाळेतले खेळाचे सर. समोर असले की "सर", टेम्पो सुटला की "कोच". गाडीतलं पेट्रोल त्यांचं, शिट्टी त्यांची, पोरांच्या गुडघ्यांना लावायचा मलमही त्यांचाच. या गोष्टी आपण आभारप्रदर्शनात बोलतो, त्या तिथेच राहू द्याव्यात.

कोचविरुद्ध सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे राखीव खेळाडू. बाकावर बसलेलं पोर मैदानातल्या पोरापेक्षा नेहमीच सरस असतं, कारण त्यानं चढाई केलेली नसते आणि म्हणून ते कधी सापडलेलंही नसतं. "त्याला आधी घ्यायला पाहिजे होतं" या वाक्याला आजवर कुणी उत्तर देऊ शकलेलं नाही. चुकून कोचनं त्याला घेतलं आणि ते पहिल्याच चढाईत पकडलं गेलं, तर बाकावर अजून चार जण असतात.

दुसरा पुरावा टाइम-आउटचा. हा अर्ध्या मिनिटाचा असतो. त्यातला निम्मा वेळ पाण्याची बाटली कुणाकडे आहे हे शोधण्यात जातो आणि उरलेल्यात कोच "डोकं शांत ठेवा" असं जिवाच्या आकांतानं ओरडून सांगतात. यात डावपेच कुठे होते, असा प्रश्न टाकून द्यावा. कोच नेमके कोणते डावपेच सांगायला हवे होते, असं कुणी उलट विचारलं तर खिडकीबाहेर बघावं.

निवड कशी करावी

मैदानावर काय घडलं यावरून निवड करणारे लोक आहेत. त्यांना स्पर्धेच्या पत्रिकेवर कुणी नाव घालत नाही. जाणकार माणूस नाणेफेकीच्या आधीच निवड उरकतो. पोरगं भावकीतलं असेल तर कोच. भावकीतलंच आहे पण बांधावरून कोर्टात तारीख चालू आहे, तर पोरगं. तुमच्या मुलाचे प्रात्यक्षिकाचे मार्क सरांच्या हातात असतील तर पोरगं, आणि निकाल लागून मुलगा पुढच्या शाळेत गेला असेल तर सर. दोघंही जवळचे निघाले तर पंच आहेतच. पण पंचांवर वर्षातून एकदाच फोडावं. तालुक्यात पंच मोजकेच; पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावात तोच माणूस तीच शिट्टी घेऊन उभा असतो, आणि त्याला चेहरे लक्षात राहतात.

टेम्पोत साधारण असं चालतं:

"तात्या, कोचनंच पोरगं मारलं आज."

"कोच काय मैदानात उतरणारे का बाळा? पोराला अक्कल नको?"

"पण तात्या, तिसरीलाच पाठवायचं त्याला?"

"मग काय तुला पाठवायचं होतं?"

यात तात्यांचा धाकटा जावई त्याच शाळेत शिपाई आहे, हे ध्यानात घेतलं की चर्चेची पातळी किती वरची आहे ते कळतं.

मोठे दाखले

वादात वजन यायला देशपातळीवरचा दाखला लागतो. दाखला नेहमी अर्धाच द्यावा.

कोचच्या बाजूनं बोलायचं तर २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धा काढाव्यात. महिलांच्या अंतिम सामन्यात इराणनं भारताला २७-२४ असं हरवलं, आणि इराणच्या कोच होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी तिथल्या मुलींना पकडी शिकवल्याच, योगासनं आणि श्वासाचे व्यायामही करून घेतले. नाशिकची बाई तेहरानला जाऊन सुवर्णपदक काढते आणि आपण म्हणतो कोचनं काय होतंय! इथे थांबावं. त्या मुलींनी अंतिम सामन्यात स्वतःच्या पायांनी चढाया केल्या होत्या, हे पुढे बोलू नये.

पोराच्या बाजूनं बोलायचं तर दोन वर्षं मागे जावं. २०१६ चा विश्वचषक, अहमदाबाद, समोर पुन्हा इराण. मध्यंतराला भारत १३-१८ असा मागे. मग अजय ठाकूर उठला, बारा गुण काढले आणि सामना ३८-२९ असा फिरवला. "मर्द पाहिजे, मर्द! कोच काय करणार?" एवढं म्हणून तंबाखू मळायला घ्यावी. हाच अजय ठाकूर जकार्ताला कर्णधार होता आणि त्याच इराणनं पुरुषांना उपांत्य फेरीत २७-१८ असं घरी पाठवलं, ही माहिती ज्याच्याकडे असेल त्याच्या शेजारी बसू नये.

सगळ्यात अवघड दाखला जवळचाच आहे. कायगावचा पूल ओलांडून नेवाशाच्या अंगानं गेलं की श्रीरामपूर तालुक्यात टाकळीभान लागतं. तिथला अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार. कोच बी. सी. रमेश, ज्यांनी २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला अजिंक्य केलं होतं. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. कोचवाले म्हणाले, दोन वेगळे संघ, एकच कोच, झालं सिद्ध. पुढच्या हंगामात अस्लमच्या गुडघ्यानं दगा दिला, आणि तोच संघ पहिल्या सहांतही आला नाही. पोरवाले म्हणाले, झालं सिद्ध. त्याच्या पुढच्या हंगामात अस्लम परतला, कोच बदलला होता, आणि संघ अंतिम फेरीत जाऊन दबंग दिल्लीकडून २८-३१ असा हरला. नवा कोच कोण, तर अजय ठाकूर. म्हणजे कालपर्यंत ज्याच्या पायांवर वाद चालायचा, आज त्याच्या शिट्टीवर चालणार. या दाखल्यानं दोन्ही बाजूंचे लोक गोंधळतात, म्हणून तो टेम्पोत काढू नये, फारतर लग्नात पंगत लांबली तर काढावा.

क्रिकेटचा दाखला फार जुना असेल तरच द्यावा. २००७ च्या विश्वचषकात आपण पहिल्याच फेरीत गारद झालो तेव्हा ग्रेग चॅपेल कोच होते. ते खापर इतकं दणकट निघालं की अजून वापरात आहे.

एका पोरापासून सावध

इथवर सगळं सोपं आहे. घात होतो तो गुणलेखकाच्या टेबलाशेजारी उकिडव्या बसलेल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरामुळे. शाळेच्या वहीत ते प्रत्येक चढाई लिहीत असतं: कोण गेलं, काय झालं, कोण बाद, कोण जिवंत झालं. नियमातली एक बारीक गोष्ट त्याला ठाऊक असते, आणि ती तुम्हाला अडचणीत आणू शकते. बाद झालेला गडी आपोआप आत येत नाही. आपल्या संघानं समोरचा गडी मारला किंवा पकडला तरच एक जण आत येतो, तोही ज्या क्रमानं बाद झाला त्याच क्रमानं. बोनसच्या गुणानं कुणी जिवंत होत नाही.

आता त्या वहीत काय निघतं बघा. आपला मुख्य चढाईपटू दहाव्या मिनिटाला बाद झाला आणि उरलेला अर्धा डाव बाहेर बसून राहिला. त्याच्या आधी दोघं बाद होते, म्हणजे त्याला आत आणायला तीन गडी टिपायला हवे होते. आपल्या उजव्या कोपऱ्यानं त्या दहा मिनिटांत एकही पकड केली नाही. दोनदा घाईनं आत घुसला आणि दोन्ही वेळा हातातून निसटलं. पोरगं बाहेर बसून, कोच बाकावरून, दोघं तोंडात मारल्यासारखे बघत राहिले. मग उरलेलेही बाद होऊन लोण चढला, सातही जण एकदम आत आले, तेव्हा कुठे बिचारा पुन्हा मैदानात उतरला, आणि तोवर पाच गुणांचं अंतर पडलेलं. तुम्ही ज्या तिसऱ्या चढाईवर एवढा ऊहापोह केलात, ती त्या अंतराची शेवटची ओळ होती.

म्हणजे चढाया फसल्या त्या पकडीमुळे. पोरावरही फोडता येत नाही आणि कोचवरही. फोडायचं तर उजव्या कोपऱ्यावर, आणि उजवा कोपरा कोण? ज्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ पहिलं बक्षीस आहे, ज्यांचा टेम्पो आहे आणि ज्यांनी डिझेल टाकलंय, त्यांचा थोरला मुलगा. तो या घटकेला ड्रायव्हरशेजारी पुढे बसलाय आणि आरशातून मागे बघतोय.

अशा वेळी गडबडून न जाता पोराच्या पाठीवर हात ठेवा. "शाब्बास, अक्षर फार सुंदर आहे रे तुझं," असं मोठ्यानं म्हणा. वही मागून घ्या, पानं उलटल्यासारखं करा आणि आपल्या पिशवीत टाका. पुढच्या वर्षी त्याला गुणलेखकाच्या टेबलाजवळ बसवू नका, वर्गणीच्या पावत्या फाडायला द्या.