अप-डाऊनवाले

घर अमरावतीत आणि नोकरी अकोल्यात, असा योग ज्याच्या पत्रिकेत आहे त्याला वऱ्हाडात ‘अप-डाऊनवाला’ म्हणतात. हा गृहस्थ सकाळी अंघोळ करतो, देवाला हात जोडतो आणि बायकोकडं न पाहता बडनेऱ्याच्या दिशेनं सुटतो. अमरावतीला स्वतःचं स्टेशन आहे, पण मुंबई-हावडा मेन लाईन जाते बडनेऱ्यावरून; त्यामुळं त्याच्या दिवसाची सुरुवातच स्कूटर हाणण्यानं होते. गाडीत त्याची जागा ठरलेली, तिच्यावर रुमाल टाकणारा दोस्त ठरलेला, पत्त्यांचे भिडू ठरलेले. लग्नाला किती वर्षं झाली हे सांगताना तो बोटं मोजतो. पास कोणत्या तारखेला संपतो ते मात्र झोपेतही सांगेल.

वहिनी अमरावतीतच शाळेत शिकवतात. थोरली दहावीत, धाकटा सहावीत. घरात एक सासूबाई आणि एकच टीव्ही. अशा घरात नवरा-बायकोला एकांत मिळायचा तो फोनवरच. तोही संध्याकाळी, परतीच्या गाडीतून.

“काय करून राहिली वं?”

“कुकर लावून राहिली.”

“मी कुठंसा आहो, सांग बरं?”

“मूर्तिजापूर.”

“कसं काय ओळखलं?”

“पत्त्याचा डाव तिथंच संपते ना तुमचा! त्याच्या आंधी कधी याद आली माही?”

हा फोन ठेवतो आणि भिडूंना अभिमानानं सांगतो, “पाहा, आपण कुठं आहो तेबी ठाऊक असते तिला. याले म्हणते प्रेम.”

त्याच्यात रसिकता नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. सुरेश भटांचा जन्म 1932 साली अमरावतीत झाला, त्यामुळं गझलेवर आपली वतनदारी आहे असं प्रत्येक अमरावतीकराला वाटतं. लग्न ठरल्यावर ह्यानं भटांचे शेर सुवाच्य अक्षरात वह्यांत उतरवून होणाऱ्या बायकोला धाडले होते. त्या वह्या माळ्यावर आहेत. हल्ली तो तिला फोनवर लिहितो, ‘नळ आला का?’ तिकडून उत्तरादाखल एक अंगठा येतो. पत्रव्यवहार संपला.

मध्यंतरी ऑफिसातल्या एका नवविवाहिताचं ऐकून त्याच्या डोक्यात आलं, की लग्नाच्या वाढदिवसाला फक्त दोघांनी चिखलदऱ्याला जावं. धुकं, दरी, कॉफी! बेत त्यानं रात्री कुजबुजत सांगितला. सकाळी गाडीत बसताना पाहतो तर धाकटा खिडकीपाशी, थोरली पुस्तक घेऊन मध्ये, आणि सासूबाई तयार : “मी एकटी घरी काय भिंती पाहत बसू काय बापा?” सोबत पुऱ्या, लोणचं, चिवडा आणि चहाचा थर्मास. परतवाड्यापर्यंत वहिनींनी थोरलीकडून विज्ञानाचे दोन धडे पाठ करून घेतले. घाटात धाकट्याला मळमळलं. देवी पॉईंटवर एकदाचं धुकं आलं, हा बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, तेवढ्यात फोटो काढणारा धाकटा ओरडला, “बाबा, आईपासून थोडे सरका ना, मागची दरी येऊन नाही राहिली!” बाबा सरकले. दरी छान आली.

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत सलग झालं आणि गिनीज बुकात नोंदलं गेलं. खड्ड्यांत उमर गेलेल्या माणसाला ही बातमी चमत्कारच वाटली. वहिनींनी ती वाचून पेपरची घडी घातली आणि म्हणाल्या, “पंच्याहत्तर किलोमीटर पाच दिवसांत! अन् आपल्या दोघांच्या मधात हा धाकटा झोपते, तेवढं चार फूट काही तुमच्याच्यानं बारा वर्षांत कमी झालं नाही.”

तसा विदर्भ हा जुन्या कथांमधला सासुरवाडीचा प्रांत. अशा जावयांची त्याला सवय आहे. लोपामुद्रा विदर्भाचीच. तपात बुडालेल्या अगस्तींना तिनं बजावलं, की आधी माहेरी होते तशी शेज आणि दागिने आणा, मग जवळ या. ऋषी बिचारे धन मागायला राजांच्या दारोदार हिंडले. रुक्मिणी कौंडण्यपूरची. अंबादेवीच्या देवळातून कृष्णानं तिला पळवलं, असं अमरावतीत आजही सांगतात. पळवायला एक दिवस पुरला. पुढं ती रुसून दिंडीरवनात गेली, पंढरपुरात दोघांचे गाभारे वेगळे झाले, आणि ती मनधरणी अजून चालू आहे.

पण अप-डाऊनवाल्यानं गिरवावा असा धडा नळ-दमयंतीचा. जुगारात राज्य हरून, बायकोला रानात झोपलेली टाकून गेलेला हा नवरा. दोन लेकरं आजोळी, विदर्भातल्याच कुंडिनपुरात. दमयंतीही अखेर तिथंच आली. रडत बसली नाही. अयोध्येला निरोप धाडला, उद्या माझं दुसरं स्वयंवर आहे. तिथं बाहुक नावानं सारथी होऊन राहिलेल्या नळानं घोडे असे हाणले, की एका दिवसात कुंडिनपूर गाठलं. रूप बदललेलं, ओळख पटेना. तेव्हा तिनं त्याच्या हातचं रांधलेलं मागवलं, चव घेतली, आणि नवरा ओळखला. मग लेकरं समोर पाठवली. त्यांना कवटाळून तो रडला.

वहिनींनी उद्या असा निरोप धाडला, तर आमचा गडी आधी गाडी किती लेट आहे ते पाहील. त्याच्या हातची चव तरी वहिनींना कुठं ठाऊक? वास्तविक शेतात रोडग्यांची पार्टी असली की हाच माणूस कमरेला पंचा लावून गोवऱ्यांच्या आरात पन्नास जणांचे रोडगे भाजतो, वांग्याची भाजी अशी करतो की लोक बोटं चाटतात. मित्रांनी खाल्ली, साहेबांनी खाल्ली, साहेबांच्या ड्रायव्हरनंही खाल्ली. बायकोसाठी मात्र स्टीलच्या डब्यात उरलेले दोन रोडगे येतात, तेही गार.

तेव्हा समस्त अप-डाऊनवाल्यांना हात जोडून विनंती, की चिखलदरा राहू द्या. येत्या रविवारी वहिनींना खुर्चीवर बसवा आणि घरच्या गॅसवर ती वांग्याची भाजी करा. फक्त तिखटाचा डबा कुठं आहे ते विचारू नका. विचारलंत, तर त्या आठवड्यात डबा अकोल्याच्या कँटीनमध्येच खावा लागेल.