मटण कमी करण्याचा शास्त्रोक्त विधी

पृथ्वीसाठी मटण कमी करायचे ठरले, तर सर्वप्रथम पंचांग मिटून ठेवावे. आपल्याकडे हा विधी श्रावणात करण्याची रूढी आहे. पण महिन्याभराचा अनुशेष गटारीला आगाऊ भरून काढणे आणि गणपती गेल्यावर उरलीसुरली बाकी चुकती करणे हेही त्याच रूढीत बसते. हवेला तिथी कळत नाही. शेळ्या-मेंढ्या रवंथ करतात आणि ढेकरांवाटे मिथेन सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापदायक ठरतो. म्हणून वर्षाकाठी किलो मोजावेत, उपास मोजू नयेत. दर रविवारी किलोभर आणणाऱ्या घराने अर्धा किलो आणावे. रश्शाची चव बरीचशी वाटणात असते. कांदा आणि सुके खोबरे खरपूस भाजून केलेले वाटण काळ्या वाटाण्यांवरही तितकेच मन लावून काम करते; मालवणी माणसाला हे सांगायला नको.

दुसरी पायरी पर्यायाची. इथे भल्याभल्यांचा पाय घसरतो, कारण मटण सोडलेला माणूस थेट पनीर बटर मसाल्यात जाऊन पडतो. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८ हजार शेतांची आकडेवारी तपासून २०१८ साली ‘सायन्स’मध्ये हिशेब मांडला. जागतिक सरासरीने एका किलोमागचे उत्सर्जन मेंढीच्या मटणाचे ४० किलोच्या घरात, चीजचे २४, कोंबडीचे १०, अंड्यांचे पाचाच्या आत आणि डाळी-कडधान्यांचे जेमतेम दोन. म्हणजे शाकाहारी चीज मांसाहारी कोंबडीच्या दुपटीहून वर! पनीरही त्याच गोठ्यातले: किलोभर पनीरला पाच-सहा लिटर दूध आटते आणि ते देणारी म्हैसही रवंथच करते. तेव्हा मटणाच्या जागी आधी अंडी, मग मटकीची उसळ आणि पिठले, या क्रमाने उतरावे. पनीर नैवेद्यापुरते.

यावर आक्षेप येईल की, आपण मुळात खातो किती? खरे आहे. अमेरिकेत माणशी वर्षाला १०० किलोहून अधिक मांस लागते. भारताची सरासरी त्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली. पण सरासरी ही सोयीची आडोशाची जागा आहे. महिन्यातून एकदा वाटा घेणारा आणि आठवड्यातून तीनदा बिर्याणी मागवणारा, दोघे तिच्यामागे उभे राहू शकतात. हा विधी फक्त दुसऱ्यासाठी आहे. शाळेतल्या पोराच्या अंड्याला या विधीने हात लावू नये. दुसरा आक्षेप धनगराचा, आणि तो अधिक वजनदार: त्याची मेंढरे जिथे पीक येत नाही त्या माळावर चरतात आणि शेतात बसवली तर खत देतात. मान्य. म्हणूनच इथे शब्द ‘कमी’ असा आहे, ‘बंद’ असा नाही.

शेवटची पायरी सर्वांत कठीण. सोसायटीच्या जिन्यात वास घेत पर्यावरणाची काळजी व्यक्त करू नये. मांसाहारी भाडेकरू नाकारल्याने हवेतला मिथेन घटत नाही. आकडे आपापल्या ताटाला लावावेत, आणि शेजाऱ्याच्या सुकटीला नाक मुरडण्यापूर्वी आपल्या वाटीत कितवे श्रीखंड आहे ते मोजावे.