फाडफाड इंग्रजी आणि अर्धा कप चहा

आमच्या चौकातल्या पिठाच्या गिरणीवर पाटी लागली आहे : ‘४० दिवसांत फाडफाड इंग्रजी’. कापड फाडतात, कागद फाडतात, मुस्काटातही फाडकन बसते; पण मराठी कुणी फाडफाड बोलल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तो मान इंग्रजीचाच. विष्णुशास्त्री चिपळूणकर तिला वाघिणीचं दूध म्हणाले आणि १८८२ साली गेले. मागे उरलेले आपण तेव्हापासून ते दूध नासवतो आहोत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला झाली, पाचवीतलं इंग्रजी झालं, २००० साली ते पहिलीत आलं. तरी गिरणीवरच्या क्लासात बसायला जागा नाही.

मीही नाव घातलं. सर म्हणाले, व्याकरण विसरा, रोजची वाक्यं पाठ करा. शेजारच्या बाकावर आमच्या वाड्यातल्या माई. नातू न्यू जर्सीत, नातसून मराठी नाही. सरांनी निरोपाचं वाक्य दिलं, ‘आय ॲम गोइंग.’

माईंनी कानांवर हात ठेवले. “जाते असं कुणी म्हणतं का? ‘येते’ कसं म्हणायचं?”

“आय ॲम कमिंग. पण आजी, तुम्ही जाताय ना?”

“अहो, म्हणून तर!”

मागच्या बाकावरच्या वाण्याला ‘दुकान वाढवलं’चं इंग्रजी हवं होतं. त्याने स्वतःच ‘शॉप इन्क्रीज’ केलं. तेव्हा सरांनी खडू खाली ठेवला.

सरांची समजूत अशी, की मराठी माणूस वाकड्यात बोलतो आणि इंग्रज सरळ. काय सांगायचं त्यांना! इंग्रज ‘हाऊ आर यू’ विचारतो आणि उत्तराआधी चार पावलं पुढे गेलेला असतो. ‘यू मस्ट कम फॉर डिनर’ म्हणजे शुद्ध ‘या की एकदा निवांत’; तारीख दोन्हीकडे नाही. ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे आपलं ‘बघू’. भाषा घरचीच आहे हो, क्लासवाले उगाच सरळ करून शिकवतात.

त्याची फी मी वेगळी भरली. परवा मित्राकडे गेलो. इंग्रजी माध्यमातली नवी सून बाहेर आली. “अंकल, टी?”

एरवी मी ‘छे, आत्ताच झाला’ म्हटलं असतं. मग ‘घ्या हो’, मग ‘बरं, अगदी अर्धा’, मग काठोकाठ भरलेला कप, शिवाय बशीत चिवडा. पण त्या दिवशीचा धडा ताजा होता. म्हणालो, “नो, थँक्यू.”

“ओके,” म्हणून ती गेली.

आतून खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने एकच कप बाहेर आला. मित्र बशीत ओतून फुर्र करत प्यायला. मी पुढचं वाक्य आठवत राहिलो. पुस्तकात त्यापुढे एकदम ‘ॲट द रेल्वे स्टेशन’ आहे.