आप्पाशी भांडायचं कुणी?

बार्शीत गुळगुळीत डोक्याचा पुरुष दिसला की लोकांना दोनच शक्यता सुचतात. एकतर घरात कुणीतरी गेलंय, नाहीतर हा तिरुपतीला जाऊन आलाय. केमोच्या पहिल्या फेरीनंतर आमच्या आप्पाचे केस गेले आणि मंडईत जाणं त्याला अवघड होऊन बसलं. कोथिंबिरीची जुडी उचलेपर्यंत कुणीतरी आवाज खाली घेऊन विचारायचं, "कोण गेलं?" आप्पा सांगायचा, "केस गेले फक्त." मग समोरच्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगा. शेवटी कंटाळून त्यानं तिरुपती सांगायला सुरुवात केली, तर लोक लाडू मागायला लागले. वहिनींनी एकदा खरोखरच बुंदी पाडली म्हणून निभावलं.

खरं तर बार्शीला या रोगाचं नवल वाटू नये. नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल गावातच आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी 1987 साली इथंच सुरू झाली. खेडोपाडी जाऊन, घरोघरी बसून, कुणाला गाठ आहे, कुणाच्या तोंडातली जखम भरत नाही, याची विचारपूस कार्यकर्ते करायचे. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याची चौकशी आमच्याकडे आधीपासून होतीच, नोंदणीमुळं तिला शास्त्रीय वळण लागलं इतकंच.

आप्पाला झालाय लिम्फोमा. दर 21 दिवसांनी एक, अशा सहा फेऱ्या. हे कळल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर औषधांचा पाऊस सुरू झाला. गव्हांकुर झाले, गोमूत्र झालं, कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीचा वैदू झाला. सगळ्यात नेट लावला तो सदाफुलीवाल्यानं. रोज सकाळी अनशापोटी पाच पानं चावायची, महिन्यात गाठ गायब. आप्पानं हे डॉक्टरांच्या कानावर घातलं तर ते म्हणाले, "तुम्हाला शिरेतून देतो ना, त्यातलं व्हिन्क्रिस्टिन मुळात सदाफुलीतूनच काढलेलं आहे. पण ते मिलिग्रॅममध्ये मोजून द्यायचं असतं, एका वेळी फार तर दोन. पानं विषारी, त्यांच्या वाटेला जाऊ नका." झालं! आप्पा कट्ट्यावर येऊन सदाफुलीवाल्याला विचारता झाला, "माझा डोस दोन मिलिग्रॅमचा. तुझ्या पाच पानांत किती बसतं, सांग की लका!" वहिनींनी तेव्हापासून कुंपणातली सदाफुली देवाला वाहायची बंद केली. म्हणाल्या, ती आता डॉक्टरांच्या खात्यात गेली.

प्रत्येक फेरीबरोबर पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. त्या दिवसांत आप्पाला भूक लागते राक्षसासारखी आणि झोप अजिबात येत नाही. रात्री तीनला भाकरी-पिठलं खाऊन झाल्यावर माणसानं करायचं काय? त्याचं किराण्याचं दुकान आहे. त्यानं उधारीच्या जुन्या वह्या काढल्या आणि येणं कुणाकडं किती, याची सुवाच्य अक्षरात यादी केली. (माझंही नाव त्यात होतं. तपशिलाची इथं गरज नाही.)

आणि मग अघटित घडलं. लोकांनी पैसे दिले! वर्षानुवर्षं समोरून येताना गल्ली बदलणारी माणसं स्वतः दुकानात येऊन, पायरीवर चपला काढून, नोटा ठेवून जाऊ लागली. घासाघीस नाही, 'पुढच्या महिन्यात बघू' नाही. व्हिन्क्रिस्टिननं आप्पाच्या बोटांची टोकं बधिर झालेली, दोन नोटा चिकटल्या तर त्याला कळायचं नाही. त्यामुळं मोजायलाही वहिनीच बसायच्या. गल्ला भरत चालला तसा आप्पाचा चेहरा उतरत चालला.

"मी मरतोय असं वाटतंय यांना," तो एका संध्याकाळी चिडून म्हणाला. "नाहीतर बार्शीचा माणूस न भांडता उधारी फेडतो का?"

त्याचं म्हणणं मला पटलं. पत्त्यांत त्याला हुकमाचं पान सुटलं तरी कुणी ओरडत नव्हतं. राजकारणावर तो काहीही बोलला तरी सगळे माना डोलवत होते. केस गेल्याचं दुःख त्यानं पचवलं, पण भांडणं बंद पडली त्याचं काय करायचं?

तारलं ते कोपऱ्यावरच्या पानवाल्या मामानं. यादीत त्याच्या नावावर तेलाचा एक डबा होता. मामा तरातरा दुकानात आला, वहीवर बोट आपटलं आणि म्हणाला, "हा डबा मी परत केला होता. खवट निघाला होता. एक पैसा देणार नाही."

"खवट?" आप्पा खुर्चीतून उठलाच. "माझ्या दुकानात खवट तेल?"

हे भांडण अजून चालू आहे. दोन्ही बाजूंनी साक्षीदार काढून झाले. त्यातले एक वारले आहेत, तरी दोघंही त्यांचीच साक्ष देतात. आप्पा रोज पानाच्या टपरीपर्यंत चालत जातो, डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं त्यात होऊन जातं. परवा मामा म्हणाला, "गुरुवारी तुझी केमो आहे ना? मग गुरुवारी नको. शुक्रवारी ये, एकदाचा निकाल लावू."

"शुक्रवारी मला झोप नसते," आप्पा म्हणाला. "रात्री तीनला येतो. घराची कडी काढून ठेव."